मेकॅनिकने सांगितलेलं काम खरंच गरजेचं आहे का, हे कसं ओळखायचं?

सदाफुली (पुणे) · ३ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार. गणपतीला गुहागरला जायचंय. सोबत ७८ वर्षांची आई आणि माझी दोन मुलं. गाडी मीच चालवते. मार्च २०१८ मध्ये घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे, ५२,००० किमी झालेत. जाण्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून काल कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. तक्रार अशी एकच होती, खड्ड्यातून जाताना पुढून डाव्या बाजूला 'खट्ट' असा आवाज येतो.

दोन तासांनी हातात आलेलं एस्टिमेट असं आहे: पुढचे ब्रेक पॅड २,९००, दोन्ही डिस्क ५,४००, दोन्ही लोअर आर्म ५,२००, पुढचे दोन शॉकअब ७,६००, क्लच सेट ६,८००, एसी गॅस आणि सफाई ३,२००, थ्रॉटल बॉडी व इंजेक्टर क्लीनिंग २,४००, इंजिन फ्लश ७५०, अंडरबॉडी कोटिंग ३,५००, मजुरी ८,२५०. एकूण ४६,००० रुपये.

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यावर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, घाटात जाणार आहात, घरची माणसं सोबत आहेत. उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं नव्हतं असं म्हणू नका." तेव्हापासून झोप नाही. पैसे खर्च करायला ना नाही, आईच्या जिवापेक्षा ४६,००० मोठे नाहीत. पण हे खरंच लागणार आहे की माझ्या भीतीवर बिल लावलंय, तेच कळत नाही. ज्याला गाडीच्या पोटातलं काही कळत नाही त्याने हे कसं ठरवायचं?

निळीछत्री (ठाणे) · ३ ऑगस्ट, रात्री १०:३१

सरळ सांगतो, सगळे चोर आहेत. मी दर वर्षी गॅरेज बदलतो. फक्त ऑइल आणि फिल्टर बदलून घेतो, बाकी कोणी काहीही सांगो, ऐकतच नाही. गाडी नऊ वर्षं चालतेय. तुम्हीही यातलं काही करू नका.

चौथागिअर (पुणे) · ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

निळीछत्री, यादीतलं काहीच करू नका हा सल्ला ताईंना देऊ नका. आवाज त्यांनी स्वतः ऐकलाय, म्हणजे काहीतरी नक्की झिजलंय.

सदाफुली, आधी ते कागद शांतपणे पुन्हा वाचा. प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहा: हे मला डोळ्यांनी किंवा मापाने दाखवता येईल का? ब्रेक पॅड मोजता येतो. नवीन पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. चाक काढलं की एका मिनिटात दिसतं. डिस्कचंही तसंच. किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की झालं. नुसतं "डिस्क गेल्यात" या वाक्याला काही अर्थ नाही. किती मिमी राहिलीय आणि किमान किती हवी, हे दोन आकडे मागा.

शॉकअब (धक्के शोषणारा, आत तेल असलेला भाग) गळत असेल तर त्याच्या अंगावर तेलाचा ओला ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ दिसते. नुसता हलका ओलसरपणा म्हणजे गळती नव्हे. लोअर आर्म म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा. त्याचा बुश, म्हणजे रबरी जोड, फाटला असेल तर चिरलेलं रबर दिसतं, आणि चाकाकडच्या टोकाच्या बॉल जॉइंटला पहारीने उचकून पाहिलं की त्यातली ढिलाई हाताला कळते.

यादीचा खालचा अर्धा भाग मात्र वेगळा आहे. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल क्लीनिंग. गाडी उभी असताना इंजिन थरथरतं का? मायलेज पडलंय का? इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर आत्ता हे करायचं कारण नाही. गाडीसोबत आलेली पुस्तिका कपाटातून काढा. कोणत्या किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं याचा तक्ता मागच्या पानांत असतो. आमच्या घरात आजवर झालेल्या तिन्ही गाड्यांच्या तक्त्यात इंजिन फ्लश कुठेच नव्हता.

एसी थंड करतो का तुमचा?

सदाफुली · ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

एसी मस्त चालतो. इंजिन थरथरत नाही, दिवा नाही, मायलेज पूर्वीसारखंच. पॅड किती मिमी ते कागदावर लिहिलेलं नाही. 'वॉर्न आउट' एवढंच आहे, डिस्कपुढेही तेच.

चौथागिअर · ३ ऑगस्ट, रात्री ११:३४

मग गॅस कशाला? एसीची यंत्रणा बंदिस्त असते, पेट्रोलसारखा गॅस संपत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि आधी ती गळती शोधायला हवी. दर उन्हाळ्यात गॅस भरून देणारा आणि गळती न शोधणारा माणूस पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक बांधून ठेवतोय.

क्लचची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. सकाळी मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा झपकन वर गेला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. दोन्ही बरोबरीने, सावकाश वाढले तर प्लेट धरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

गोदातीर (नाशिक) · ४ ऑगस्ट, सकाळी ७:४८

ताई, "घरची माणसं सोबत आहेत" हे वाक्य वाचून अंगावर काटा आला. मलाही हेच ऐकवलं होतं, शब्द तेवढे वेगळे.

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुर करायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला, ११,००० लागतील. मी विचारलं, कसं कळलं? तर उत्तर, "तुम्हाला नाही कळणार मॅडम, साहेबांना पाठवा." मी तिथून निघाले. घरी भावाने साधा मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२ व्होल्टच्याही खाली, आणि इंजिन चालू केल्यावर १४.१. म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित चार्ज करत होता, बॅटरीच म्हातारी झाली होती. चांगल्या भरलेल्या बॅटरीवर उभ्या गाडीत साधारण १२.६ दिसायला हवेत, चालू गाडीत पावणेचौदा ते साडेचौदा. बॅटरी बदलली, प्रश्न मिटला.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारते, "कसं कळलं?" जो माणूस हातातलं काम ठेवून गाडीखाली टॉर्चचा उजेड मारून दाखवतो, त्याच्याकडे मी परत जाते. जो साहेबांना पाठवा म्हणतो त्याच्याकडे नाही. समजावून सांगता न येणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मी म्हणत नाही, काहींचे हात चांगले असतात आणि तोंड चालत नाही. पण असा माणूसही निदान काढलेला भाग तुमच्या हातात ठेवतो.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर) · ४ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी मेकॅनिक आहे. २२ वर्षं झाली, त्यातली पहिली सहा वर्कशॉपमध्ये काढली, मग स्वतःचं गॅरेज टाकलं. निळीछत्री दादा, सगळे चोर म्हणालात ते मनाला लागलं. पण राग न धरता आमच्याकडची बाजू सांगतो, कारण ती कळल्याशिवाय ताईंना खरं-खोटं ओळखता येणार नाही.

माझ्याकडे गाडी येते. आवाज येतोय म्हणतात. मी टेस्ट ड्राइव्ह घेतो, रॅम्पवर चढवतो, चारी चाकं हलवून बघतो, एक-एक बुश उचकतो. पाऊण तास जातो. मग सांगतो, काही नाही, स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा नट ढिला होता, आवळला. गिऱ्हाईक विचारतं, किती झाले? मी म्हटलं ३००. तर म्हणतात, एक नट आवळायचे ३००? पन्नास रुपये ठेवून जातात. तेच मी न बघता दोन्ही लिंक रॉड बदलले असते तर दीड हजार आनंदाने दिले असते, कारण हातात नवीन डबा दिसला असता.

बघण्याचे पैसे कुणी देत नाही, बदलण्याचे देतात. मग हळूहळू माणूस बघायचं सोडतो आणि बदलायला लागतो. पार्टवर सुटणाऱ्या मार्जिनवर गॅरेज चालतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं होतं, ते सांगतोय.

वर्कशॉपमध्ये याहून अवघड. मी होतो तिथे ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असायचं. फ्लश इतके, कोटिंग इतके, एसी सफाई इतक्या. पोरगा वाईट नसायचा. सकाळी १५ गाड्या घ्यायच्या, गाडीखाली जायला वेळ कुठला? किलोमीटर बघायचे आणि यादी लिहायची. ५०,००० झाले, लिही पॅड, लिही क्लच. ताईंच्या यादीत मापाचा एकही आकडा नाही, त्यावरून मला वाटतं गाडी नीट रॅम्पवर चढलीच नसेल.

पण ताई, दुसरी बाजूही ऐका. डोळ्यांना दिसत नाही ते सगळं खोटं, असंही धरू नका. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट (आतले व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करवणारा पट्टा) असतो त्यात तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो, बाहेरून कितीही चांगला दिसो. तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उघडायची वेळ येते. मी एका मास्तरांना दोनदा सांगितलं होतं. त्यांना वाटलं हा पैसे काढतोय. कागलच्या पुढे हायवेवर बेल्ट तुटला, ६०,००० च्या वर गेलं काम. तेव्हापासून मी नुसतं तोंडी सांगत नाही, पुस्तिकेतलं पान उघडून दाखवतो.

तुम्ही आता एक करा. ओळखीपाळखीत विचारून एखादं बाहेरचं गॅरेज बघा, जिथे लिफ्ट आहे. आधीच सांगा, "मला आज काही बदलायचं नाही, फक्त गाडी तपासायची आहे, त्याचे जे पैसे होतील ते देईन." आणि पहिली यादी दाखवू नका. दाखवली की त्याचं डोकं त्या यादीतूनच चालणार. तुमची तक्रार सांगा, घाटात जायचंय सांगा, आणि गप्प बसा.

अजून एक. ब्रेक ऑइल कधी बदललंय? वर कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो.

सॅनहोजेकर (कॅलिफोर्निया) · ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

पंचगंगाकाठ यांनी टार्गेटचं लिहिलंय त्यावरून आठवलं. इथे १९९२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या गाडीदुरुस्ती केंद्रांवर कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्याने कारवाई केली होती. अधिकारी साधे ग्राहक बनून गाड्या घेऊन गेले. ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा नको असलेली कामं गळ्यात मारली गेली. चौकशीत मूळ सापडलं ते कमिशन आणि कोट्यात: अमुक इतके ब्रेक, अमुक इतक्या अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) विकल्या पाहिजेत. नंतर कंपनीने ते कमिशन बंद केलं. तेव्हा समोरचा पोरगा कितीही गोड असो, त्याचा पगार कशावर ठरतो हे बघावं.

इथे दुरुस्तीआधी लेखी अंदाज देणं आणि ग्राहकाची संमती घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी सांगून ठेवलं तर काढलेले भागही परत मिळतात. मी प्रत्येक वेळी मागतो. आईकडे साताऱ्याला येतो तेव्हा तिथेही मागतो, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

नोंदवही (नागपूर) · ५ ऑगस्ट, सकाळी १०:०२

आपल्याकडेही ग्राहक अगदी उघड्यावर नाही. जॉब कार्डवर (गाडी देताना वर्कशॉप कामांची नोंद करतं तो कागद) सही करण्याआधी त्यावर स्वतःच्या हाताने लिहा: "फोन करून परवानगी घेतल्याशिवाय यापलीकडचं काम करू नये. जुने पार्ट परत द्यावेत." जॉब कार्डचा फोटो काढून ठेवा. पार्टच्या पाकिटावर एमआरपी आणि पार्ट नंबर असतो, तो बिलाशी ताडून बघा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून "बिलाशिवाय स्वस्तात करून देतो" याला हो म्हणू नका, उद्या भांडायला हातात काही राहत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ऑनलाइनही करता येते. माझ्या बहिणीच्या गाडीत न बदललेल्या फिल्टरचे पैसे लावले होते. हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर वर्कशॉपने ते परत केले. रक्कम लहान होती, पण तिला बरं वाटलं.

खाडीपलीकडे (रत्नागिरी) · ५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

अंडरबॉडी कोटिंगबद्दल दोन शब्द. आम्ही समुद्राकाठी राहतो, खारं वारं पत्रा खातं, इथल्या गाडीला त्याचा उपयोग आहे. वर्षातून दोनदा कोकणात येणाऱ्या पुण्याच्या गाडीने परत गेल्यावर खालून गोड्या पाण्याने नीट धुतलं तरी पुष्कळ. आणि भर पावसाळ्यात, चिखल पूर्ण निघालेला नसताना, ओल्या पत्र्यावर कोटिंग मारून घेऊ नका. ओल आत अडकते आणि आतूनच गंज धरतो. माझ्या जुन्या गाडीचं असंच झालं.

सदाफुली · ५ ऑगस्ट, रात्री ८:१८

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे क्लचची परीक्षा केली. इंजिन आणि वेग बरोबरीने वाढले, काटा उडाला नाही. पुस्तिका सापडली, इंजिन फ्लश तक्त्यात नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं लिहिलंय. सर्व्हिसची जुनी सगळी बिलं काढून बसले. साडेसात वर्षांत ते एकदाही बदललेलं नाही. पंचगंगाकाठ दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मला हे कळलंच नसतं.

उद्या मैत्रिणीच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये जातेय. यादी पर्समध्येच ठेवणार.

चौथागिअर · ५ ऑगस्ट, रात्री ८:४४

ब्रेक ऑइलचं का महत्त्वाचं आहे ते सांगतो. हे तेल हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट-३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. कुंभार्लीसारखा घाट सतत ब्रेक दाबत उतरलात तर तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते. पॅडल खाली जातं, गाडी थांबत नाही. पॅड कितीही नवे असोत. ज्या माणसाने तुम्हाला घाटाची भीती घातली त्याने नेमकं हेच लिहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या.

सदाफुली · ६ ऑगस्ट, रात्री ९:३७

आज जे झालं ते सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

गॅरेज लहान आहे. मालक पन्नाशीचे, हाताखाली दोन मुलं. सांगितल्याप्रमाणे म्हटलं, आज फक्त तपासायची आहे, पैसे देईन. ते जरा थबकले, मग म्हणाले, "५०० रुपये होतील, एक तास लागेल, तुम्ही इथेच थांबा." मला त्यांनी लिफ्टखाली बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या गाडीचं पोट पाहिलं.

चाकं काढली. पॅड मोजून दाखवले: डावीकडे ५ मिमी, उजवीकडे साडेपाच. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. डिस्कवर कोरलेला आकडा मला वाचायला लावला आणि व्हर्नियर माझ्याच हातात दिला. किमान जाडीपेक्षा दीड मिमी जास्त निघाली.

डावा लोअर आर्म: रबर आरपार चिरलेलं, आणि बॉल जॉइंट उचकल्यावर मला स्वतःला टिकटिक जाणवली. हाच माझा 'खट्ट'. मी विचारलं, नुसता बुश दाबून बसवता येतो ना? म्हणाले, येतो, पण बॉल जॉइंटही गेलाय, मग पूर्ण आर्म घेतलेला बरा. उजवा आर्म दाखवला, तो घट्ट होता. उजव्या शॉकअबवर मात्र तेलाचा ओघळ स्पष्ट होता. डावा ठीक. तरी म्हणाले, शॉकअब जोडीनेच बदलावे, नाहीतर एक नवा आणि एक जुना यामुळे वळणावर आणि ब्रेक मारताना गाडीची दोन्ही अंगं वेगळी वागतात. त्याक्षणी शंका आली, पण घरी येऊन पुस्तिका पाहिली, तिथेही जोडीनेच बदला असं आहे.

ब्रेक ऑइल काचेच्या बाटलीत काढून नव्या तेलाशेजारी धरलं. नवं मधासारखं, माझं चहाच्या चोथ्यासारखं. पाणी तपासायचं पेनासारखं यंत्र घातलं, लाल दिवा लागला.

आणि मग ते टायरजवळ बसले. बाजूला चार आकडे वाचायला सांगितले: ४८१७. म्हणजे २०१७ सालचा ४८ वा आठवडा. टायर गाडीपेक्षाही जुने! खाच अजून ३ मिमी शिल्लक आहे, कायद्याची मर्यादा १.६ मिमी, म्हणून वरून पाहणाऱ्याला ठीक वाटतं. पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांचं जाळं होतं. नखाने दाबल्यावर भेग उघडली. "ताई, आईला घेऊन यावर पावसात घाट उतरू नका. टायर मी विकत नाही, कुठूनही घ्या, पण घ्या." हे त्यांचे शब्द.

हिशोब: डावा आर्म २,६००, दोन शॉकअब ७,६००, ब्रेक ऑइल ४५०, मजुरी २,४००, अलाइनमेंट ६००. झाले १३,६५०. तपासणीचे ५०० धरून १४,१५०. चार टायर वेगळ्या दुकानातून ४,३०० प्रमाणे १७,२००. सगळे मिळून ३१,३५०.

म्हणजे मी फार पैसे वाचवले असं नाही. पण पहिल्या यादीतले ४६,००० भरून घरी आले असते तरी जुनं ब्रेक ऑइल आणि फाटके टायर घेऊनच आईला घाटात नेलं असतं. हा विचार डोक्यातून जात नाही.

गोदातीर · ६ ऑगस्ट, रात्री १०:०५

ताई, वाचताना डोळे भरले. आपण सगळे यादीत जास्तीचं काय लिहिलंय तेच शोधत बसलो होतो. यादीत काय नाही याकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

पंचगंगाकाठ · ७ ऑगस्ट, सकाळी ८:२०

त्या गॅरेजवाल्याला माझा नमस्कार सांगा. आणि काम झाल्यावर पैसे देताना घासाघीस करू नका, हात जोडून विनंती. अशा माणसाचं गॅरेज चाललं पाहिजे.

दोन गोष्टी राहिल्या. स्टेपनीचा टायरही त्याच सालचा असणार, तो निदान हवा भरून तपासा. आणि आर्म व शॉकअब बदलल्यावर ५०-१०० किमी गाडी पुण्यातच चालवा, मग एकदा नट तपासून घ्या. आदल्या दिवशी काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या प्रवासाला निघू नये.

नोंदवही · ७ ऑगस्ट, सकाळी ११:१५

पहिल्या वर्कशॉपला लेखी विचारणार का? मी विचारलं असतं. 'वॉर्न आउट' कोणत्या मापावर लिहिलं ते सांगा, एवढाच ईमेल. तक्रार नको वाटत असेल तर प्रश्न म्हणून पाठवा.

सदाफुली · ७ ऑगस्ट, रात्री ७:५०

ईमेल आज पाठवला. दुपारी मॅनेजरचा फोन आला. मी पॅडचं माप सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "किलोमीटरवरून अंदाज लिहिला जातो, पुन्हा या, मोफत तपासू." मी शांतपणे म्हटलं, अंदाज होता तर कागदावर अंदाज असं लिहायला हवं होतं, आणि माझ्या आईचं नाव घ्यायला नको होतं. उत्तर लेखी द्या असं सांगितलंय. आलं की इथे कळवीन.

निळीछत्री · ७ ऑगस्ट, रात्री ९:२६

सदाफुली, तुमची कालची पोस्ट दोनदा वाचली. पंचगंगाकाठ, मी सरसकट चोर म्हणालो ते चुकलं, माफ करा.

आत्ता टॉर्च घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. माझ्या टायरवर ०९१६ लिहिलंय. खाच बरी दिसते. पण उजव्या पुढच्या टायरच्या बाजूला एका ठिकाणी बोटाच्या पेराएवढा फुगवटा आहे. ब्रेक ऑइल कधी बदललं, आठवत नाही. शनिवारी मुलीला सोडायला नाशिकला जायचंय, कसाऱ्यावरून. शनिवारपर्यंत चालेल का?

पंचगंगाकाठ · ७ ऑगस्ट, रात्री ९:३१

दादा, माफी कसली. आधी टायरचं बोलू. फुगवटा म्हणजे आतली दोऱ्यांची वीण तुटलीय, हवेचा दाब फक्त वरच्या रबराने धरलाय. तो केव्हाही फुटेल, आणि पुढच्या चाकाचा टायर वेगात फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. शनिवार लांब, उद्या दुकानापर्यंतही त्या टायरवर जाऊ नका. स्टेपनी चढवा, तिच्यावरचे आकडे आधी वाचा, आणि सावकाश जा. बाकीचे तीनही नऊ वर्षांचे आहेत, चारी बदला. ब्रेक ऑइलही त्याच दिवशी.

निळीछत्री · ७ ऑगस्ट, रात्री ९:५८

स्टेपनीवरही ०९१६च आहे, पण भेगा नाहीत, फुगवटा नाही. चढवली. टायरचं दुकान घरापासून दीड किलोमीटरवर आहे, सकाळी उघडल्या उघडल्या जातो. मुलीला सांगितलंय, तोपर्यंत गाडी काढायची नाही.